उपकेंद्राच्या उंबरठ्यापलीकडे परिचारिकेला काम आहे का?

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी एक ठरलेली चर्चा सुरू होते. लातूरच्या शिकवणी वर्गांत पाठविण्याइतकी ज्यांची ऐपत आहे त्यांची मुले वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांमागे लागतात. ज्यांची ऐपत नाही, पण मुलीला स्वतःच्या पायावर उभे करण्याची इच्छा आहे, त्यांच्यासमोर दोन-तीनच वाटा उरतात. त्यांतली एक म्हणजे 'नर्सिंग'. कोरडवाहू जमिनीवर सोयाबीन आणि तूर पिकविणारा बाप नातेवाइकांकडून हातउसने पैसे घेतो, वेळप्रसंगी गळ्यातले मोडतो आणि मुलीला ए.एन.एम.च्या शाळेत घालतो. 'दोन वर्षांत सरकारी नोकरी' हा हिशेब त्यामागे असतो.

हा हिशेब एकेकाळी खरा होता. आज तो कितपत खरा उरला आहे, आणि खरा नसेल तर या मुलींनी जायचे कोठे, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे. प्रश्न केवळ काही मुलींच्या नोकऱ्यांचा नाही. मराठवाड्यातील रुग्णाला प्रशिक्षित हाताची शुश्रूषा मिळणार की नाही, हा त्याचा दुसरा आणि अधिक गंभीर पैलू आहे.

एका कामासाठी घडविलेली परिचारिका

ए.एन.एम. म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९५० च्या सुमारास, हा अभ्यासक्रम देशात सुरू झाला. खेडोपाडी बाळंतपणे सुखरूप व्हावीत, माता आणि अर्भके वाचावीत, हा त्याचा हेतू होता. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने आरोग्य खात्यातील वेगवेगळ्या योजनांचे वेगवेगळे कर्मचारी एकत्र करून 'बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी' ही कल्पना मांडली आणि ए.एन.एम. ही उपकेंद्राची स्त्री आरोग्य कर्मचारी झाली. जिल्हा परिषदेच्या भाषेत ती 'आरोग्य सेविका' असली तरी गावकऱ्यांच्या तोंडी ती 'सिस्टर' किंवा 'नर्सबाई'च राहिली.

पुढे अभ्यासक्रमाचा कालावधी दीड वर्षाचा झाला आणि अलीकडच्या दशकात पुन्हा दोन वर्षांचा. त्याचा रोख मात्र बदलला नाही. गरोदर मातांची नोंदणी, लसीकरण, कुटुंबनियोजन, साथरोगांवर लक्ष आणि साधी बाळंतपणे यांच्याभोवतीच तो आजही फिरतो. याउलट तीन वर्षांचा जी.एन.एम. आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग हे अभ्यासक्रम प्रामुख्याने रुग्णालयातील शुश्रूषेसाठी आहेत. पांढऱ्या गणवेशामुळे सामान्य माणसाला तिघीही सारख्याच दिसतात. नोकरीच्या बाजारात मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे, आणि प्रवेश घेताना नेमके हेच अंतर घरच्यांना कोणी समजावून सांगत नाही.

अमेरिकेत याच्याशी मिळताजुळता एक वर्ग आहे. तेथे सुमारे वर्षभराचे शिक्षण आणि परवाना परीक्षा यांतून 'प्रॅक्टिकल नर्स' तयार होते. अशा सहा लाखांहून अधिक परिचारिका तेथे काम करतात आणि त्यांच्यातील सुमारे एक तृतीयांश वृद्धांच्या शुश्रूषागृहांत असतात. मोठ्या रुग्णालयांनी पूर्ण शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना पसंती दिल्यामुळे या वर्गाची सद्दी रुग्णालयांतून कमी झाली. आमच्याकडे वृद्धांची शुश्रूषागृहे नाममात्र आहेत. तेथे जी जागा शुश्रूषागृहाची, ती येथे उपकेंद्राची. परिचारिकांचा एक संपूर्ण वर्ग एकाच प्रकारच्या कामाला बांधला गेला, तर ते काम आटले किंवा भरती थांबली की त्यांच्या हाती काय उरते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

सरकारी नोकरीचे अंकगणित

मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्याची लोकसंख्या २४ लाख ५४ हजार होती आणि तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग ग्रामीण होता. म्हणजे अठरा लाखांच्या वर ग्रामीण लोकसंख्या. निकष तंतोतंत पाळला गेला असे मानले तरी त्यातून सुमारे साडेतीनशे ते पावणेचारशे उपकेंद्रे निघतात. प्रत्येक उपकेंद्रात एक कायम आणि एक कंत्राटी अशा दोन सेविका धरल्या तर संपूर्ण जिल्ह्यात सातशेच्या आसपास जागा होतात. पंचविशीत लागलेली सेविका अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होते. या हिशेबाने वर्षाला मोकळ्या होणाऱ्या जागा वीस-बावीसच्या पुढे जात नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील पदे आणि पदोन्नतीने रिकाम्या होणाऱ्या जागा धरल्या तर आणखी थोड्या.

आता दुसरी बाजू पाहावी. ए.एन.एम.च्या एका शाळेतून वर्षाला केवळ वीस मुली बाहेर पडतात आणि जिल्ह्यात अशा पाचच शाळा आहेत असे गृहीत धरले, तरी नोकरी मागणाऱ्या नव्या मुली दरवर्षी शंभर होतात. शेजारच्या नांदेड, धाराशिव आणि बिदर जिल्ह्यांत शिकलेल्या वेगळ्याच. हे गणित मांडायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. तरीही शाळांना परवानगी देताना ते कोणी मांडल्याचे दिसत नाही.

त्यात भरतीची पद्धत अशी की, उमेदवाराचे वय जाहिरातीची वाट पाहण्यातच सरावे. जिल्हा परिषदांच्या गट 'क' पदांसाठी मार्च २०१९ मध्ये जाहिरात निघाली. उमेदवारांनी शुल्क भरले. परीक्षा पुढे पुढे ढकलली गेली आणि अखेर २०२२ मध्ये ती भरतीच रद्द झाली. राज्यातील ३४ जिल्हा परिषदांतील १९ हजार ४६० पदांसाठी नवी जाहिरात आली ती ऑगस्ट २०२३ मध्ये. दरम्यान, आरोग्य विभागाने ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतलेल्या परीक्षांचे पेपर फुटले आणि अनेकांना अटक झाली. ज्या मुलीने २०१९ मध्ये एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी शाळेतून बाहेर पाऊल टाकले, तिच्या उमेदीची चार-पाच वर्षे अशी निव्वळ प्रतीक्षेत गेली. या वयात खेड्यातील मुलीच्या बाबतीत काय होते ते सांगायला नको. लग्न ठरते आणि प्रमाणपत्र पेटीत पडते.

कायम नोकरीची ओढ इतकी का, हेही समजून घ्यायला हवे. सातव्या वेतन आयोगात आरोग्य सेविकेची वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० रुपये आहे आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. तेच काम राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर करणाऱ्या सेविकेचे मानधन राज्यातील जाहिरातींत अठरा हजार रुपयांच्या आसपास दाखविलेले असते. एकाच उपकेंद्रात, एकाच लस-पेटीवर काम करणाऱ्या दोघींच्या मिळकतीत दुपटीहून अधिक तफावत पडते.

हे अभियान २००५ मध्ये सुरू झाले तेव्हा कंत्राटी नेमणूक ही तात्पुरती सोय मानली गेली होती. त्या सोयीत कित्येकींची पंधरा-वीस वर्षे गेली. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कंत्राटी कर्मचाऱ्यांनी संप केला. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने दहा वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांच्या समायोजनाचे तत्त्व मान्य केले. अंमलबजावणी रखडली म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा आंदोलनाची वेळ आली. समायोजनाची मागणी न्याय्यच आहे. पण त्याची एक अटळ निष्पत्तीही आहे. कायम पदांतील मोठा वाटा आधीच्या कंत्राटी सेविकांकडे गेल्यावर नुकत्याच शिकून आलेल्या मुलीसाठी तो दरवाजा आणखी अरुंद होणार आहे.

उपकेंद्रातील कामाचे स्वरूपही पालटत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ६५ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर पोहोचले. हे यश मोठे आहे आणि त्यात नर्सबाईचा वाटा सर्वांत मोठा आहे. पण बाळंतपणे उपकेंद्रातून मोठ्या रुग्णालयांकडे सरकली, तसे तिच्या हातातले मुख्य कसबही सरकले. उपकेंद्रांचे रूपांतर आधी आरोग्यवर्धिनी केंद्रांत आणि मग आयुष्मान आरोग्य मंदिरांत झाले. तेथे तिच्या वर समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. त्या पदासाठी आयुर्वेद पदवीधर किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेले उमेदवार घेतले जातात. ए.एन.एम. त्यास पात्र नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसाविकांसाठी दीड वर्षाच्या उच्च प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे आणली, तीही जी.एन.एम. आणि बी.एस्सी. झालेल्यांसाठी. जिच्या नावातच 'प्रसाविका' आहे, ती त्या वाटेवरून बाहेर राहिली.

खासगी दवाखान्याचे दार

मग उपकेंद्राबाहेर काय आहे? पहिला पर्याय अर्थातच खासगी दवाखान्यांचा. निलंग्यासारख्या गावी बसस्थानकाच्या अवतीभोवती आणि मुख्य रस्त्यांवर प्रसूतिगृहे आणि दहा-वीस खाटांची रुग्णालये उभी असतात. तालुक्यातील औराद शहाजानी, कासार शिरसी या परिसरांतून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातील खेड्यांतूनही रुग्ण येतात. काम आहे, यात शंकाच नाही. पण ते काम कोण करते?

१९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा याविषयी पुरेसा स्पष्ट आहे. शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये अर्हताप्राप्त परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल, किंवा प्रसूतिगृहात अर्हताप्राप्त प्रसाविका नसेल, तर नोंदणी नाकारता येते. कायदा पाऊणशे वर्षांचा झाला. प्रत्यक्षात मात्र अनेक लहान दवाखान्यांत गणवेश घातलेल्या मुली दहावी-बारावी झालेल्या आणि 'पाहून पाहून शिकलेल्या' असतात. सलाईन लावणे, इंजेक्शन देणे, बाळंतिणीकडे पाहणे ही सर्व कामे त्या करतात. त्यांची मेहनत नाकारता येत नाही. त्यांना मिळणारा मोबदला पाहिला तर त्याही शोषितच आहेत. पण नोंदणीकृत परिचारिकेची खरी स्पर्धा तिच्यासारख्याच परिचारिकेशी नसून या बिनप्रशिक्षित आणि स्वस्त मनुष्यबळाशी आहे. परिणामी तालुक्याच्या गावी तिला देऊ केला जाणारा पगार अनेक ठिकाणी दहा हजारांच्या आतच घुटमळतो.

येथे डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. दहा खाटांचे रुग्णालय चालविणाऱ्या डॉक्टरला कर्जाचे हप्ते आहेत. त्याच्याकडे येणारा रुग्ण सुगी झाल्यावर पैसे देणारा असतो. प्रशिक्षित परिचारिका ठेवली तर वर्षभराचा अनुभव गाठीशी बांधून ती पुण्याला निघून जाते, अशी त्याची तक्रार असते आणि ती खोटी नाही. पण ती का जाते, याचे उत्तर पुन्हा पगार, बारा तासांची पाळी आणि राहण्याची असुरक्षित सोय यांतच सापडते.

या प्रश्नावर देशपातळीवर एकदा उत्तर शोधले गेले होते, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी समिती नेमण्याचा आदेश केंद्राला दिला. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयांत ते सरकारीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावे, पन्नास ते शंभर खाटा असल्यास पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावे आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्यास किमान वीस हजार रुपये द्यावेत, अशा शिफारशी समितीने केल्या. आरोग्य हा राज्याचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांकडे सोपविली गेली. वीस हजारांचा तो आकडा आज दशकभर जुना झाला, तरी निलंग्यात तो अजून स्वप्नवतच वाटतो.

सुधारणेअभावी काय होते, याचे दाहक उदाहरण दूर शोधायला नको. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधिकाळी चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. त्यानंतरच्या चर्चेत औषधांबरोबरच मनुष्यबळाच्या टंचाईचा मुद्दा ठळकपणे आला. बाहेर प्रशिक्षित मुली कामाच्या शोधात आहेत आणि आत पदे रिकामी आहेत, हे दृश्य एकाच विभागात, एकाच वेळी दिसावे, यातच आपल्या नियोजनाचे अपयश आहे. अर्थात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अधिपरिचारिकेचे पद जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. झालेल्यांनाच मिळते आणि त्याची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. वैद्यकीय शिक्षण विभागाने २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक पदांची जी भरती काढली, तिच्यात मोठा वाटा याच पदाचा होता. ए.एन.एम.ला तेथे वाव नव्हता.

शहर, घर आणि परदेश

दुसरा पर्याय शहरी आरोग्य सेवेचा. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात साधारण दहा हजार लोकसंख्येमागे एक ए.एन.एम. अपेक्षित आहे. पण हे अभियान जिल्ह्याची ठिकाणे आणि पन्नास हजारांहून अधिक वस्तीची शहरे यांच्यासाठी आखले गेले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे निलंगा त्या मर्यादेच्या आत राहिले. १ मे २०२३ रोजी राज्यभर सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेत परिचारिकेचे पद आहे, परंतु एका दवाखान्यामागे एक-दोन जागांपलीकडे ते जात नाही. शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणारी पथके २०१३ पासून आहेत आणि प्रत्येक पथकात एक परिचारिका असते. या जागा चांगल्या आहेत. मात्र त्या मोजक्या आणि पुन्हा कंत्राटीच आहेत.

कारखान्यांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात प्रथमोपचार कक्ष आणि तेथे वैद्यकीय व शुश्रूषा कर्मचारी असावेत, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने घालून दिले होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली असली तरी त्या व्यवस्थेची गरज संपलेली नाही. लातूर जिल्हा साखर कारखान्यांचा आहे आणि लातूरनजीक रेल्वे डब्यांचा कारखानाही उभा राहिला आहे. ऊसतोड मजुरांच्या तळावर हंगामात शेकडो कुटुंबे पालात राहतात. तेथे गरोदर स्त्रिया असतात, तान्ही मुले असतात. कारखान्याने हंगामापुरती का होईना नोंदणीकृत परिचारिका तळावर नेमली, तर ती कायद्याची पूर्तताही ठरेल आणि माणुसकीचीही.

सर्वांत वेगाने वाढणारे क्षेत्र मात्र घरच्या शुश्रूषेचे आहे. मुले पुण्यात किंवा परदेशात आणि आई-वडील लातूरला किंवा निलंग्याला, हे चित्र आता अपवादात्मक राहिलेले नाही. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला वृद्ध, मधुमेहाने चिघळलेली जखम, मूत्रनलिका बदलण्याची गरज, कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांतील वेदना यांसाठी रुग्णालयात महिनोन्‌महिने राहणे परवडत नाही. येथे ए.एन.एम.चे शिक्षण खरोखर उपयोगी पडते. पुण्या-मुंबईत हे काम 'ब्युरो'मार्फत चालते. तेथे गेलेली मराठवाड्यातील मुलगी बारा-बारा तासांची पाळी करते. ब्युरो आपला हिस्सा कापून घेतो. घरमालक तिच्याकडून धुणीभांडीही करून घेऊ पाहतो. भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही आणि रात्री-अपरात्री परक्या घरात एकटीने राहण्याची जोखीम आहे. काम भरपूर आणि संरक्षण शून्य, असे या क्षेत्राचे आजचे वर्णन करावे लागेल.

परदेशाचे आकर्षणही आता मराठवाड्यात पोहोचले आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्यात सुमारे दहा हजार जणांना संधी मिळेल असे सांगितले गेले आणि परिचारिका हा त्यातील एक महत्त्वाचा गट होता. पण युरोपीय संघाच्या नियमानुसार परिचारिकेच्या शिक्षणाला किमान तीन वर्षे आणि ४,६०० तास लागतात. म्हणजे ही वाटही जी.एन.एम.पासून पुढे सुरू होते. 'ए.एन.एम. करा आणि जर्मनीला जा' असे सांगणारा दलाल भेटल्यास त्याच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, जी कोणताही खर्च न करता करता येते, ती म्हणजे माहिती. एक-एक वर्षाचे 'पेशंट असिस्टंट' किंवा तत्सम नावांचे अभ्यासक्रम नर्सिंगच्या नावाखाली खपविले जातात. त्यांतून परिचर्या परिषदेकडे नोंदणी होत नाही आणि नोंदणी नसेल तर जिल्हा परिषदेच्या अर्जाचा रकानाही भरता येत नाही. सीमेमुळे निलंग्यातील मुली बिदरलाही शिकायला जातात. त्यांनी कर्नाटकातील नोंदणीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंद करून घेणे आवश्यक आहे, कारण येथील भरतीत तीच पाहिली जाते. शाळेला मान्यता आहे का, ही चौकशी शुल्क भरण्याआधी व्हायला हवी, नंतर नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढच्या शिक्षणाची शिडी. नोंदणीकृत ए.एन.एम.ला जी.एन.एम.ला प्रवेश घेता येतो आणि त्यानंतर दोन वर्षांत पदवीही मिळविता येते. पण दोन वर्षे ए.एन.एम., तीन वर्षे जी.एन.एम. आणि पुन्हा दोन वर्षे पदवी ही सात वर्षांची पायपीट गरीब घराला झेपणारी नाही. ज्या मुलीला बारावीनंतर थेट तीन वर्षे शिकणे शक्य आहे, तिने केवळ एक वर्ष वाचविण्यासाठी ए.एन.एम.ची निवड करू नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आधीच ए.एन.एम. झालेल्यांसाठी सेवेत असताना पूर्ण करता येईल असा जोड-अभ्यासक्रम शासनाने द्यायला हवा. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा केला आहे. त्याच्या अंमलबजावणीत ए.एन.एम.चे स्थान काय, हा प्रश्न महाराष्ट्राने आग्रहाने मांडावा.

तिसरी गोष्ट कायद्याच्या अंमलबजावणीची. दवाखान्याच्या दर्शनी भागात डॉक्टरांच्या पदव्यांची पाटी असते. तिच्याच शेजारी कामावर असलेल्या परिचारिकांची नावे आणि नोंदणी क्रमांक लावण्याची सक्ती केली तर अर्धे काम होईल. रुग्णाला आपल्याला इंजेक्शन देणारी व्यक्ती कोण आहे, हे जाणण्याचा हक्क आहे. लहान रुग्णालयांना हा खर्च झेपत नसेल तर नोंदणीकृत परिचारिका नेमणाऱ्यांना शासकीय विमा योजनांत थोडा अधिक दर देण्याचा विचार व्हावा. नुसत्या दंडुक्याने तालुक्याचे दवाखाने बंद पडतील आणि त्याचा फटका पुन्हा रुग्णालाच बसेल.

चौथी गोष्ट महाराष्ट्राच्या परंपरेला साजेशी आहे. ज्या राज्याने साखरेत आणि दुधात सहकार उभा केला, त्याला परिचारिकांची सहकारी संस्था उभी करणे अवघड नाही. तालुक्यातील पंचवीस-तीस नोंदणीकृत परिचारिकांनी एकत्र येऊन घरच्या शुश्रूषेची सेवा द्यावी, दर ठरवावेत, पाळ्या वाटून घ्याव्यात आणि ब्युरोच्या खिशात जाणारा पैसा स्वतःच्या विम्यासाठी व निधीसाठी वळवावा. बचत गटांचे जाळे गावोगावी आहे. उपजिल्हा रुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णाची माहिती अशा संस्थेला रुग्णाच्या संमतीने मिळाली, तर दोघांचीही सोय होईल. यातून मुलीला गाव सोडावे लागणार नाही आणि रुग्णाला लातूरच्या फेऱ्या माराव्या लागणार नाहीत.

शेवटची गोष्ट म्हणजे भरतीचे वेळापत्रक. निवृत्तीच्या तारखा शासनाला वर्षानुवर्षे आधी माहीत असतात. मग जाहिरात पाच-पाच वर्षांनी का निघावी? दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, थोड्याच का होईना, जागा भरल्या गेल्या तर मुलींना आपले आयुष्य आखता येईल. जागा वीसच आहेत हे कळले तर उरलेल्या ऐंशी जणी वेळीच दुसरी वाट धरतील. आशा लांबवीत ठेवणे हे नकारापेक्षा अधिक क्रूर असते.

करोनाच्या काळात याच परिचारिकांना तातडीने हंगामी नेमणुका दिल्या गेल्या, त्यांच्यासाठी टाळ्या-थाळ्या वाजल्या आणि लाट ओसरताच अनेकींना घरी पाठविले गेले. संकट आले की हवीहवीशी वाटणारी आणि संकट सरले की अतिरिक्त ठरणारी, अशी तिची अवस्था आपण करून ठेवली आहे. उपकेंद्राचा उंबरठा ओलांडल्यावर परिचारिकेला काम नाही असे मुळीच नाही. दवाखान्यांत, कारखान्यांत, शाळांत आणि घराघरांत ते पडून आहे. त्या कामाला योग्य मोल, कायद्याचे पाठबळ आणि प्रतिष्ठा मिळवून देणे एवढेच बाकी आहे. ते झाले नाही, तर हातउसने घेऊन मुलीला शिकविणारा निलंग्याचा शेतकरी उद्या दुसरा विचार करील, आणि त्याची किंमत एखाद्या रात्री प्रसूतिगृहात अडलेल्या बाळंतिणीला चुकवावी लागेल.